आमेन कोणी म्हणायचं

ओहोळ घराण्यात आजवर एकही गोष्ट प्रार्थनेवाचून झालेली नव्हती. आकुर्डीतली नोकरी, एस्तेरचं नर्सिंग, दाविदचं उशिरा का होईना पण जमलेलं लग्न, पिंपळे सौदागरचा हा सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, या सगळ्यांच्या पायात सोपानराव ओहोळांची प्रार्थना भरलेली होती. अडचण एवढीच होती की त्या प्रार्थना लांब असत आणि बऱ्याच गोष्टी प्रार्थना संपायच्या आतच उरकून जात. थोरला शमुवेल जन्माला आला तेव्हा सोपानराव दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे राहून त्याच्या सुखरूप जन्मासाठी प्रार्थना करत होते. नर्स तीनदा बाहेर येऊन परत गेली. मुलगा झाल्याचं त्यांना वीस मिनिटांनी कळलं, कारण मध्येच बोलायचं कसं हे त्या बाईला सुचेना.

आता मध्ये बोलायची सोय झाली होती. सोपानरावांचा आवाज जाऊन पाच आठवडे झाले होते.

गळ्यातली गाठ काढली, ती साधी निघाली, सगळ्यांनी देवाचे आभार मानले; आणि आभार मानताना लक्षात आलं की ज्यांनी ते मोठ्याने मानायचे त्यांच्या तोंडून नुसती हवा येतेय. डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या नसेला धक्का बसलाय. सहा महिने वाट पाहू. येईल, थोडा येईल, किंवा नाहीही येणार. तोवर कुजबुजायचंसुद्धा नाही. नातीने त्यांना एक छोटा पांढरा बोर्ड आणि मार्कर आणून दिला. सोपानरावांनी पस्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, सुट्या भागांची मापं तपासणारा इन्स्पेक्टर म्हणून काढलेली. बोर्डवर ते ड्रॉइंगवर लिहावं तशा उभ्या, सुट्या अक्षरांत ‘पाणी’ लिहीत, आणि खाली रेघ मारत.

हे सगळं निभलं असतं. पण पुढच्या रविवारनंतरच्या रविवारी चर्चच्या मंडळीचा सुवर्णमहोत्सव होता.

पन्नास वर्षांपूर्वी आकुर्डीत एका पत्र्याच्या खोलीत सात कामगारांनी जी उपासना सुरू केली, तिचं आता दोन मजली चर्च झालं होतं, आणि त्या सातांपैकी सोपानराव एकटेच उरले होते. महोत्सवाची मुख्य प्रार्थना त्यांचीच, हे दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. सोपानरावांनी ती तेव्हाच मनात तयार करून ठेवली होती. तिचे चार भाग होते. आता चर्चच्या पाळकसाहेबांचा निरोप आला होता: कार्यक्रमाची पत्रिका उद्या छापायला जाते, मुख्य प्रार्थनेचं नाव आज कळवा.

म्हणून आजचा गुरुवार. रविवार देवाचा असला तरी या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. त्यामुळे ओहोळांच्या घरातले निर्णय गुरुवारीच होत आले होते. दाविद चाकणहून मोटारसायकलवर आला, एस्तेर सांगवीहून रजा टाकून आली. दोघांनी सलाम केला, वडिलांच्या गळ्याकडे पाहिलं, आणि ते ठीक दिसतात असं त्यांनाच सांगितलं. शुभदाने, म्हणजे थोरल्या सुनेने, मटण सकाळीच शिजवून ठेवलं होतं. जेवणाआधी प्रार्थना आणि प्रार्थनेआधी चर्चा, असा क्रम होता.

चर्चेत शमुवेलचं म्हणणं असं होतं की त्याला स्वतःला काही हौस नाही. पण थोरला मुलगा म्हणून त्याच्यावर काही जबाबदारी येते. लोक काय म्हणतील, ओहोळांच्या घरात प्रार्थना करणारं कोणी उरलं नाही का? शुभदाने मान हलवली. तिने नवऱ्यासाठी नवा पांढरा शर्ट आधीच आणलेला होता, पण त्याचा या चर्चेत उल्लेख झाला नाही.

दाविदला हे मुळीच मान्य नव्हतं. तो सहा वर्षांपूर्वी जुनी मंडळी सोडून चाकणला टायरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरणाऱ्या सभेला जाऊ लागला होता. तिथे कीबोर्ड होता, ड्रम होता, आणि लोक बरे होत. त्याच्या मते अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, नाव पत्रिकेतून काढणं म्हणजे देवाला तोंडावर सांगणं, की तुझ्याकडून हे होणार नाही.

“नाव छापा,” तो म्हणाला, “आवाज प्रभू बघून घेईल.”

“आणि त्या दिवशी नाही आला तर?” शमुवेल म्हणाला. “माइकवर काय, बोर्ड धरायचा?”

“हाच तो अविश्वास, दादा.”

“याला कार्यक्रमाचं नियोजन म्हणतात.”

एस्तेर नर्स होती, म्हणून तिने नसेचं सांगितलं. नस महिन्याला साधारण एक इंच भरते, पत्रिका बघून भरत नाही. अण्णांना उगाच ताण देऊ नका, शमूदादालाच करू द्या. दाविद म्हणाला, ताईला नर्सिंगने देव छोटा वाटायला लागलाय. एस्तेर म्हणाली, चाकणच्या सभेतले जे बरे होतात ते नंतर आमच्याच ओपीडीत दिसतात. तेव्हा शमुवेल म्हणाला, “आपण प्रार्थना करू या,” आणि त्याच्या आवाजातून आपण आता भांडण सुरू करू या असंच ऐकू आलं.

सोपानराव खिडकीजवळच्या खुर्चीत बसून हे ऐकत होते. बोर्ड त्यांच्या मांडीवर होता. त्यावर त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं, आणि काही लिहायचंय का, असं त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. त्यांना पत्रिकेत आपलं नाव हवं होतं. हे लिहिणं बरं दिसलं नसतं. पाच आठवडे ते एका गोष्टीची वाट पाहत होते, की एका सकाळी उठावं, घसा खाकरावा, आणि चार भाग सलग बाहेर पडावेत. आणि पाच आठवड्यांत त्यांना एक गोष्ट जमली नव्हती, जी त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांना प्रार्थना करता येत नव्हती. मोठ्याने येत नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. मनातल्या मनातही येत नव्हती, हे फक्त त्यांना ठाऊक होतं. डोळे मिटले की पहिलं वाक्य येई, आणि पुढे कोणी ‘हो प्रभू’ म्हणण्याची वाट पाहत ते तिथेच थांबत. कोणी म्हणत नसे. मग ते डोळे उघडत आणि पंख्याकडे पाहत.

गोल करून सगळे बसले. घरातल्या प्रार्थनेचा नियम सोपानरावांनीच घालून दिलेला होता. थोरल्याने सुरू करायची, मग एकेकाने पुढे न्यायची, आणि शेवट सोपानरावांनी करायचा. त्यांचं आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, उठायचं नाही, आणि कोणाच्याही प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही. या शेवटच्या कलमाचा फायदा मुलांनी फार लवकर ओळखला होता. जे जेवताना बोलता येत नाही ते देवाशी बोलता येतं, आणि समोरच्याला ऐकून घ्यावं लागतं.

शमुवेलने सुरुवात केली. “पिढ्यानपिढ्यांच्या देवा, धुळीच्या कणाहून कमी असे आम्ही तुझ्या सिंहासनापुढे येतो.” त्याने अण्णांचे दिवस आठवले, मंडळीचे दिवस आठवले, आणि मग सावकाश वळण घेत मुद्द्यावर आला. “ज्याच्या खांद्यावर तू भार ठेवतोस, प्रभू, त्याला तो नम्रपणे उचलायचं बळ दे. आणि इतरांना त्याच्या पाठीशी उभं राहायचं मन दे.”

सोपानरावांच्या डोक्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. सुरुवात ठीक. मधला भाग लांबला. ‘नम्रपणे’ शब्द दोनदा आला, एकदा पुरला असता. मग त्यांच्या लक्षात आलं की सुरुवातीचं वाक्य त्यांचंच होतं. मधलंही. तो ‘धुळीच्या कणाहून’ म्हणताना आवाज खाली नेण्याचा प्रकारही त्यांचाच होता.

शुभदाने थोडक्यात केलं. जे आपल्या मूळ मंडळीला सोडून गेले आहेत, त्यांना प्रभूने परत आणावं, असं तिने मागितलं; आणि जे महिन्यातून एकदा येऊन औषधांच्या वेळा विचारतात, त्यांनाही क्षमा करावी. एस्तेरने खुर्चीत बूड हलवलेलं ऐकू आलं.

दाविदने मोठ्याने केली. शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बारीक झाला. “प्रभू, या घरातला संशयाचा आत्मा आम्ही तुझ्या नावाने बांधतो. हे ज्ञान, हे रिपोर्ट, हे डॉक्टर, सगळं तुझ्या पायाखाली. तू अण्णांचा गळा मोकळा कर, आज कर, आत्ता कर.” तो थांबला. सगळ्यांनी डोळे मिटूनच सोपानरावांच्या दिशेने कान लावले. सोपानरावांनीही लावले. काही झालं नाही. दाविदने आमेन म्हटलं, पण पहिल्यापेक्षा हळू.

त्या हळू झालेल्या आवाजाने सोपानरावांना भलतंच आठवलं. दाविद सहावीत असताना त्याला गणितात शंभरपैकी एकतीस मिळाले होते. त्या संध्याकाळी घरात पाहुणे होते, पाळक होते, आणि सोपानरावांनी जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते एकतीस देवाच्या कानावर घातले. आकड्यासकट. आळस, वाईट संगत, आईबापाचे कष्ट, सगळं क्रमाने. दाविद डोळे मिटून बसला होता आणि त्याचे कान लाल झाले होते. हे सोपानरावांना माहीत होतं, कारण प्रार्थना करता करता त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं होतं. बरोबर लागलं आहे की नाही, ते.

एस्तेरने डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी प्रार्थना केली, आणि रुग्णाला गरम चहा देऊ नये असं चारदा सांगूनही जे देतात त्यांना समज द्यावी, असं मागितलं. हेही सोपानरावांना ओळखीचं वाटलं. एस्तेर नर्सिंगला असताना तिचं वॉर्डातल्या एका मुलाशी जमलेलं प्रकरण त्यांनी असंच प्रार्थनेतून मिटवलं होतं. समोर बसवून विचारलं असतं तर ती काहीतरी बोलली असती. प्रार्थनेत तिला फक्त आमेन म्हणायचं होतं, आणि तिने ते म्हटलं होतं.

आता सोपानरावांची पाळी होती, म्हणून सगळे थांबले. त्यांच्या बायकोला, सरूबाईंना, कोणी धरलंच नव्हतं. बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी मोठ्याने प्रार्थना केलेली कोणी ऐकली नव्हती. नवऱ्याच्या प्रार्थनेनंतर मागण्यासारखं काही उरत नसे, आणि बऱ्याचदा भातही निवलेला असे.

“मी करू का?” सरूबाई म्हणाल्या.

नको म्हणायची कोणाला सोय नव्हती. प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही, हा नियम होता.

“देवा,” सरूबाईंनी सुरू केलं, आणि त्यांचा आवाज भाजीवालीशी बोलतानाचाच होता. “ह्यांचा आवाज गेलाय, तुला ठाव हाये. मी काय नव्यानं सांगू. पर मला येक कबूल करायचंय. हे पाच आठवडे घरात लई शांत वाटतंय. जेवण गरम गरम खायला मिळतंय. मला ते बरं वाटलं, आन् बरं वाटलं म्हनून मला रडू आलं. आवाज तर तुझ्याच हातात हाये. दिलास तर मी ऐकून घीन, बावन्न वर्सं घेतलंच की. न्हाई दिलास तरी मी हाये ह्यांच्याजवळ. माझं चुकलं आसंल तर माफ कर. आमेन.”

त्यांनी नाक पुसलेलं ऐकू आलं. दाविदच्या सभेत लोक किंचाळत, पडत, पण इतकं उघडं कोणी बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं.

इन्स्पेक्टरने सवयीने तपासायला घेतलं, आणि त्याला चूक काढायला काही सापडलं नाही. कमी नाही, जास्त नाही. पस्तीस वर्षांत असा नग त्यांच्या हाताखालून दोनतीनदाच गेला असेल; तो परत मापात धरून बघावासा वाटे, काही चुकलंय म्हणून नव्हे.

राग येईल असं त्यांना वाटलं. तो आला, थोडा वेळ थांबला, आणि बसायला जागा नाही असं पाहून गेला. बाई जेवणाबद्दल खरं बोलली होती. भात दररोज निवत होता, आणि गार भातावर त्यांनी दररोज देवाचे आभार मानले होते.

आता त्यांची पाळी.

‘पिढ्यानपिढ्यांच्या देवा,’ त्यांनी मनात सुरुवात केली, आणि ते वाक्य शमुवेलच्या आवाजात आलं. त्यांनी ते सोडलं. चार भागांपैकी पहिला भाग काढून पाहिला. त्यात संस्थापक सातांची नावं होती आणि सातवं नाव जरा जास्त वेळ उच्चारलेलं होतं. तोही सोडला. मग बराच वेळ काही आलं नाही. पूर्वी असं झालं की ते डोळे उघडून पंख्याकडे बघत. आज उघडता येत नव्हते. नियम त्यांचाच होता आणि पाच माणसं त्यांच्यासाठी डोळे मिटून बसली होती.

‘देवा,’ ते म्हणाले. आणि कोणी ‘हो प्रभू’ म्हणायची वाट न पाहता पुढे गेले. ‘मला बोलता येत नाही. कधी येत होतं का, तेही आता नक्की सांगता येत नाही. मी बहुतेक यांच्याशीच बोलत होतो. तू ऐकत असशील तर तुझे उपकार. दाविदचे एकतीस मार्क मी तुला सांगायला नको होते. तुला माहीत होते. एस्तेरला मी विचारायला हवं होतं. सरूचा भात…’

इथे ते अडकले, आणि अडकून बसले, आणि अडकून बसणं हेही चालतंय असं त्यांना वाटलं.

‘मला भीती वाटते,’ ते बऱ्याच वेळाने म्हणाले. ‘आवाज आला नाही तर मी कोण, हे मला ठाऊक नाही. तुला ठाऊक असेल तर तेवढं पुरे आहे.’

हे त्यांनी म्हटलं आणि त्यांचे खांदे खाली आले. हनुवटी छातीला टेकली. ते तसेच राहिले. बोलण्यासारखं संपलं होतं, पण उठून जावंसं वाटत नव्हतं.

बाहेर मात्र पंचाईत झाली होती. आमेन कोणी म्हणायचं? प्रार्थना मुकी होती, तेव्हा ती कुठवर आलीय हे कळायला मार्ग नव्हता. सहा मिनिटं झाली. दहा झाली. शमुवेलने हळूच घसा खाकरला. नियम पहिल्यांदा मोडला तो दाविदने. त्याने एक डोळा उघडला.

“अण्णा चालू आहेत का संपले?” तो पुटपुटला.

एस्तेरने डोळे उघडले, पुढे वाकून वडिलांचा श्वास मोजला, खांद्यांकडे पाहिलं. “झोप लागलीय,” ती म्हणाली. “पाच आठवड्यांत असे सैल बसलेले पाहिले नाहीत मी.”

सरूबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं. त्या काहीतरी बोलणार होत्या. मग म्हणाल्या, “राहू द्या तसंच.” त्यांनी मांडीवरचा बोर्ड काढून बाजूला ठेवला आणि शाल पांघरली.

सोपानरावांना हे सगळं ऐकू येत होतं. मान हलवली असती तर गैरसमज मिटला असता. पण ते अजून प्रार्थनेच्या मध्येच होते, आणि प्रार्थनेत मध्येच थांबायचं नसतं.

मग सगळे हळू आवाजात बोलू लागले, आणि जे बोलले ते मघाच्या उलटं होतं. दाविद म्हणाला, दादा, तूच कर, मी उगाच ताणलं. शमुवेल म्हणाला, नको, अण्णांचंच नाव राहू दे. ते नुसते उभे राहिले तरी मंडळी उभी राहील. मग दाविद त्याला समजावू लागला की असं माणसाला माइकपुढे मुकं उभं करणं बरं नाही, आणि शमुवेल त्याला विश्वासाबद्दल सांगू लागला. शुभदा एस्तेरला म्हणाली, चहा मीच गरम दिला होता, दोनदा. एस्तेर म्हणाली, मी यायला हवं होतं वहिनी, दर आठवड्याला. पांढऱ्या शर्टाचंही निघालं. शुभदा म्हणाली, तो अण्णांना होईल, बाह्या थोड्या आत घेतल्या की. शेवटी चौघांनी मिळून ठरवलं: नाव अण्णांचं छापायचं, त्यांना मध्यभागी उभं करायचं, दोन्ही मुलांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आणि सगळ्या मंडळीने त्यांच्याबरोबर शांत राहायचं. त्यांची प्रार्थना संपली की आमेन आईने म्हणायचं. सरूबाई म्हणाल्या, “बघू.”

मान खाली घातलेल्या सोपानरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. कोणी पाहिलं नाही.

शमुवेलने पाळकसाहेबांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला. त्याने सांगितलं, सगळं, उभं कसं राहायचं तेसुद्धा. पाळकसाहेबांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“फार छान, शमुवेलभाऊ,” ते म्हणाले. “पण मी तुम्हाला कळवणारच होतो. काल कमिटी बसली होती. पाहुणे वाढलेत, सत्कारच चौदा झालेत. मुख्य प्रार्थनेचा भाग काढला आपण. त्याऐवजी सगळी मंडळी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणेल. अण्णांना सांगा, पुढच्या रांगेत खुर्ची ठेवलीय.”

शमुवेलने फोन ठेवला. प्रभूची प्रार्थना, म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात होते, आणि तिचं आमेन सगळेच म्हणतात.